मूठभर ज्वारीचं दुखणं

एकदा एका म्हाताऱ्या वैद्यबुवांनी आपल्या रोग्यांना ज्वारी ओतायला लावली, आणि अख्खं गाव हसलं. हसणारच की. माणूस पोट धरून दारात यावा, काढा मिळेल, लेप मिळेल या आशेनं ओसरीवर टेकावा, आणि बुवांनी त्याच्यापुढे ज्वारीची पाटी सरकवून म्हणावं, "जितकं दुखतंय, तितकी या परातीत ओत." दुखणं काय धान्यासारखं मापून घ्यायचं असतं? पण बुवांच्या हाताला गुण होता. घाटाखालच्या गावांतून माणसं त्यांच्याकडे चालत येत, आणि गुण येतोय म्हटल्यावर माणसं ज्वारीच काय, वाटाणेही ओततात. त्यामुळे हसणं चालू राहिलं आणि ओतणंही चालू राहिलं.

हसणाऱ्यांत सर्वांत मोठ्यानं, पण मनातल्या मनात, हसत होता तो बुवांचा स्वतःचा शिष्य. त्र्यंबक त्याचं नाव. सराफाच्या घरात जन्मलेला, गुंजभर सोन्यासाठी श्वास रोखून काट्याकडे बघणाऱ्या माणसांत वाढलेला. बुद्धी तल्लख, पाठांतर चोख, आणि जीभ जरा पुढेच धावणारी. वैद्यकी शिकायला आला तेव्हा त्याला वाटलं होतं की इथे सगळं शास्त्रात लिहिल्याबरहुकूम चालत असेल. इथे बघतो तर ज्वारी.

एके दिवशी त्याला राहवलं नाही. "गुरुजी, राग मानू नका," तो म्हणाला. "ताप हाताला लागतो. नाडी बोटाला कळते. सूज डोळ्यांना दिसते. पण वेदना ही ज्याची त्यालाच ठाऊक. ती मला दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही. जे फक्त आतून जाणवतं, ते बाहेरून मोजायचं कसं?"

बुवा खलात सुंठ कुटत होते. कुटणं न थांबवता त्यांनी विचारलं, "तुझी भूक मला दिसते का?"

"नाही."

"मग दुपारी तुझ्या पानात किती भाकरी पडायच्या, हे तुझ्या काकूला कसं कळतं?"

काकू म्हणजे बुवांची बायको. त्र्यंबक तिच्याच हातचं जेवत असे. तो जरा ओशाळून म्हणाला, "मी सांगतो म्हणून."

"कधी सांगतोस? तोंडानं तर दर वेळी 'पुरे, पुरे' म्हणतोस. ताटावर हात आडवा धरतोस तेव्हा ती थांबते. तोवर वाढत राहते. बरोबर?"

आतून काकूच्या हसण्याचा आवाज आला.

"जे आत आहे ते बाहेर काहीतरी करायला लावतं," बुवा म्हणाले. "शब्दाला सवय असते वाढवून सांगायची, नाहीतर झाकून ठेवायची. म्हणून मी शब्द घेत नाही. हाताला काम देतो आणि बघत बसतो. पटत नसेल तर तूही बघ."

पटलं नव्हतंच. पण त्र्यंबक नुसता वाद घालणारा नव्हता, पडताळून पाहणारा होता, आणि हा गुण लहान नाही. खांदा धरलेला एक गाडीवान आला होता. त्यानं परातीत ज्वारी ओतली. त्र्यंबकानं ती झाकून ठेवली, गाडीवानाला बैलांना पाणी पाजायला पाठवलं, आणि तो परतल्यावर भोळा चेहरा करून म्हणाला, "मघाची ज्वारी कोंबडीनं विस्कटली बघा, पुन्हा एकदा ओता." गाडीवानानं पुन्हा ओतली. दोन्ही ढीग शेजारी ठेवून पाहिले, तर डोळ्यांना फरक कळेना. लेप लावून चार दिवसांनी तोच गाडीवान आला आणि त्याच्या हातून निम्म्याहून कमी ज्वारी पडली. त्या दिवशी खांदाही निम्म्याहून जास्त वर जात होता. त्र्यंबकाच्या अंगावर काटा आला. जी गोष्ट कुणाला दिसत नाही तिचा ढीग त्याच्यासमोर परातीत पडला होता.

झालं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गत झाली. त्र्यंबक घरी जाऊन वडिलांचा सोनं तोलायचा काटा घेऊन आला. पितळी पारडी, रेशमी दोरे, गुंजांपासून तोळ्यांपर्यंतची वजनं. "ढीग डोळ्यांनी कशाला बघायचे?" तो म्हणाला. "तोलूया. मग कुणाचं दुखणं कुणाहून किती जास्त, ते गुंजेपर्यंत सांगता येईल."

बुवांनी काटा हातात घेऊन पारड्यांवर फुंकर मारून पाहिली. "काटा सुंदर आहे," एवढंच म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. दुखण्याची ज्वारी ओतायला सांगण्याआधी बुवा प्रत्येकाकडून आणखी तीन वेळा ज्वारी ओतून घेत. त्यांच्याजवळ एक टोपली असे. तिच्यात नदीतला एक गुळगुळीत धोंडा, एक काशाची वाटी आणि मिठाच्या पाण्याची बरणी. रोग्याला ते धोंडा उचलायला लावत आणि म्हणत, "हा जितका जड लागतो तितकी ओत." मग वाटीवर चमच्यानं एक ठोका मारत, "हा आवाज जितका मोठा वाटला तितकी ओत." मग पळीभर खारं पाणी तोंडात देऊन, "हे जितकं खारट लागलं तितकी." आणि हे सगळं उरकल्यावर दुखण्याची पाळी. त्र्यंबकाला वाटे, ही रोग्याचं मन रमवायची युक्ती असावी. लहान पोराला औषध पाजताना आई चिमणी दाखवते, त्यातलाच प्रकार. त्यानं कधी विचारलं नाही. बुवांचा स्वभाव असा की विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत, आणि त्र्यंबकाचा असा की कळलंय असं वाटलं की विचारायचा नाही. गुरुशिष्यांची अशी जोडी जमली की मधल्या मधे तिसरंच कुणीतरी भरडलं जातं.

बाजाराचा दिवस होता. सकाळीच शेजारच्या गावाहून एका अडलेल्या बाळंतिणीसाठी बुवांना बोलावणं आलं. निघताना त्यांनी त्र्यंबकाला जवळ बोलावलं. "ओसरी भरेल आज. साध्या दुखण्यांना तूच औषध दे. पण चिरफाडीचं काम मी आल्यावर. माझ्या डोळ्यांना दिव्याचा उजेड पुरत नाही, तेव्हा उन्हं उतरायच्या आत एकाचंच होईल. ज्याला सर्वांत जास्त कळ असेल त्याला थांबवून घे. बाकीच्यांना उद्या बोलाव."

"निवड मी करायची?" त्र्यंबकानं विचारलं. त्याला आनंद लपवता येईना.

"तूच. नीट मोज म्हणजे झालं," असं म्हणून बुवा गाडीत बसले.

ओसरी खरोखरच भरली. बाजारकरी, त्यांची पोरं, कुणाचा दात, कुणाची कंबर. त्र्यंबक भराभर मोजू लागला. धोंडा, वाटी आणि बरणी यांत वेळ घालवायला आज सवड कुठली? टोपली त्यानं कोपऱ्यात सरकवली. त्याऐवजी प्रत्येकाची ज्वारी तो काट्यात तोलत होता आणि ज्याची त्याची वेगळ्या द्रोणात भरून ओळीनं मांडत होता. बघणाऱ्यांवर छाप पडत होती. सोन्याचा काटा आपल्या दुखण्यासाठी झुकतोय म्हटल्यावर माणसं ताठ बसत होती.

चिरफाडीची अशी दोनच माणसं आली. पहिले मलप्पाशेट, बाजारातले धान्याचे मोठे व्यापारी. पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतून पिकलं होतं. गडी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना आणत होते आणि शेट पावलोपावली कण्हत होते. त्यांनी पाटीत हात घातला आणि ओंजळीवर ओंजळ ओतत गेले. परात भरली, वर शीग आली, तेव्हा कुठे थांबले. शेटजींच्या दुकानात कुठलंही माप शिगेशिवाय गिऱ्हाइकाच्या पदरात पडत नसे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्र्यंबकाला ती ज्वारी चार हप्त्यांत तोलून चार द्रोणांत भरावी लागली.

दुसरी गोजरा. ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहणारी, रानातून मोळ्या आणून विकणारी बाई. काठी टेकत आली, बरोबर सासू. आठवड्यापूर्वी लाकूड तोडताना एक फाटा पोटरीत खोल घुसला होता. "वरनं बुजलंय," सासू म्हणाली, "पर ही पाय टेकंना." त्र्यंबकानं पोटरी पाहिली. कातडं सांधलं होतं, थोडी सूज होती, लाली फारशी नव्हती. त्यानं परात पुढे केली आणि काय करायचं ते सांगितलं.

गोजरानं पाटीत बोटं घातली, परत काढली. त्र्यंबकाकडे पाहिलं. मग अर्धी मूठ ज्वारी घेऊन परातीत सोडली. दोन दाणे जमिनीवर सांडले, ते वाकून वेचले आणि पाटीत परत टाकले. वाकताना तिच्या ओठांवर दात रुतलेले त्र्यंबकाला दिसले, पण त्याचे डोळे काट्याकडे लागले होते. जेमतेम दोन तोळे भरले.

त्र्यंबक दुष्ट नव्हता. त्यानं तिला हिडीसफिडीस केलं नाही. उलट काटा तिच्यापुढे धरून अगदी समजुतीनं सांगितलं, "हे बघ बाई, तुझं दुखणं दोन तोळ्यांचं. शेटजींचं शेराच्या वर गेलंय. आज बुवा एकालाच चिरणार. तुला लेप देतो, उद्या सकाळी ये."

गोजरा त्या पारड्याकडे बराच वेळ बघत राहिली. "बरं," म्हणाली.

"म्या म्हनतच हुते," सासू उठता उठता म्हणाली, "येवढं काय न्हाई म्हनून." दोघी गेल्या.

उन्हं अजून बरीच वर होती तेव्हा बुवा परतले. बाळंतीण सुखरूप सुटली होती, त्यामुळे स्वारी खुशीत होती. मलप्पाशेटांचा पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवला होता, चाकू उकळून तयार होते, द्रोणांची रांग शिस्तीत मांडलेली होती. त्र्यंबकानं प्रत्येक द्रोण कुणाचा ते सांगितलं. बुवा ऐकत ऐकत शेवटच्या द्रोणाशी आले आणि त्यांनी तो उचलला.

"ही कुणाची?"

"मोळीविकी बाई होती. पोटरीत फाटा घुसलेला. जखम वरून भरलीय."

"ओतली कशी तिनं?"

त्र्यंबकाला प्रश्न विचित्र वाटला. पण आठवून म्हणाला, "हळूहळू. दोन दाणे सांडले तेही वेचून पाटीत टाकले."

बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीकडे पाहिलं. "धोंडा उचलायला दिला होतास?"

"गर्दी होती गुरुजी. आणि ज्वारी तर मी गुंजेपर्यंत तोललीय."

त्यांनी टोपली ओढली आणि एक भलतंच काम केलं. कण्हणाऱ्या मलप्पाशेटांच्या मांडीवर तो नदीतला धोंडा ठेवला आणि म्हणाले, "शेटजी, हा दोन्ही हातांनी उचला. जितका जड लागेल तितकी ज्वारी ओता."

"बुवा, माझा अंगठा ठणकतोय आणि तुम्ही धोंडे काय उचलायला लावता," शेट कळवळून म्हणाले. पण बुवांपुढे त्यांचं काय चालणार? धोंडा उचलला, ठेवला आणि परातीत भरभरून ओंजळी टाकल्या. अर्धी परात भरली. काशाच्या वाटीवर एक ठोका वाजला, त्यालाही जवळजवळ तेवढीच. खाऱ्या पाण्याला तोंड वाकडं करून त्याहून थोडी जास्त.

"ठीक," बुवा म्हणाले. "शेटजी, तुमचा अंगठा उद्या सकाळी पहिल्यांदा. आता घरी जाऊन पाय उंच ठेवून पडा. त्र्यंबका, ही टोपली डोक्यावर घे आणि चाकूंची पिशवी काखेत मार. ओढ्यापलीकडे जायचंय."

शेट बघतच राहिले. त्र्यंबकही. चाकू घ्यायचे हे एक वेळ समजू शकत होतं, पण इतक्या घाईत धोंडा कशाला? ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. डोक्यावरची टोपली सावरत, पायाखालचे गोटे चुकवत तो म्हाताऱ्याच्या मागे चालला होता आणि मनात चरफडत होता. गुरुजींना धोंडाच हवा असेल तर ओढ्यात काय कमी पडलेत? पण बुवांची पाठ इतकी ताठ आणि पावलं इतकी भरभर पडत होती की बोलायची छाती झाली नाही.

गोजरा झोपडीत चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. दुखरा पाय सरळ पुढे पसरलेला. कपाळावरून घामाची धार लागली होती आणि ती चुलीच्या धगीची नव्हती. वैद्यबुवा स्वतः दारात आलेले पाहून सासू गडबडून उठली आणि पदर सावरत घोंगडी अंथरू लागली.

"बसायला नको," बुवा म्हणाले. "आई, घरात ज्वारी असेल ना? एक पाटी आणि परात इकडे आणा. पोरी, हा धोंडा उचल बघू, आणि सांग मला ज्वारीनं, किती जड आहे तो."

गोजरानं धोंडा उचलला. खाली ठेवला. चिमूटभर दाणे घेऊन परातीत टाकले. वाटीवर ठोका पडला, तिनं पुन्हा चिमूट टाकली. खारं पाणी तोंडात घेतल्यावर तिचा चेहरा शेटजींइतकाच वाकडा झाला, आणि हातातून पडली ती परत चिमूटच.

"आता पायाचं दुखणं," बुवा म्हणाले.

तिनं अर्धी मूठ घेतली. थोडी थांबली. मग त्यात आणखी थोडी घालून मूठ पुरी केली आणि परातीत सोडली.

त्र्यंबक ती चिमूट बघत होता आणि ती मूठ बघत होता. शेटजींचा धोंडा अर्धी परात, आणि अंगठा एक परात. म्हणजे अंगठ्याची कळ धोंड्याच्या दुप्पट. इथे धोंडा एक चिमूट, आणि पोटरी एक मूठ. एका मुठीत अशा किती चिमट्या मावतात? तो मनात मोजायला लागला आणि दुपटीच्या कितीतरी पुढे जाऊन थांबला.

बुवांनी पोटरीवर बोट टेकवून खोल दाबलं. गोजराच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण तिच्या हातातलं पीठ मुठीत आवळून बोटांतून बाहेर आलं. "आत पू धरलाय," बुवा म्हणाले. "हाडाला टेकायच्या बेतात आहे. रात्र काढली असती तर पाय गेला असता, कदाचित ही पोरगीही. आई, पाणी उकळत ठेवा. त्र्यंबका, हिला अंगणात उजेडात घे."

सासू पाणी ठेवायला धावली. अंगणात उन्हं कलली होती, तरी काम होण्याइतकी होती. पाण्याला उकळी फुटायला थोडा वेळ लागणार होता. तेवढ्यात त्र्यंबक खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, माझा काटा खोटा ठरला."

"काट्याला कशाला दोष देतोस? काटा चोख आहे. ज्वारी तू बिनचूक तोललीस. पण आपल्याला ज्वारी कुठे तोलायची होती? आपल्याला कळ मोजायची होती, आणि कळ आणि ज्वारी यांच्या मधे माणसाचा हात असतो. तो कुणाचा सैल, कुणाचा आखडता. शेटजी खोटं बोलले नाहीत बरं का. त्यांचा हात जन्मभर शिगेनं ओततोय, त्याला ओंजळीखालचं माप ठाऊकच नाही. आणि या घरात सांडलेला दाणा वेचतात. हिच्या हाताला मूठ म्हणजे उधळपट्टी. मग दुखणं मोजण्याआधी तो हात मोजायला नको? सगळ्यांना एकच धोंडा, एकच ठोका, एकच खारं पाणी द्यायचं ते त्यासाठी."

त्र्यंबक गप्प राहिला असता तर तो त्र्यंबक कसला. "पण गुरुजी, ही मोळ्या वाहणारी बाई. धोंडा हिला हलकाच लागणार. शेटजींनी उभ्या जन्मात स्वतःचं पागोटं सोडून काही उचललं नसेल. मग धोंड्यावरून हात कसा कळायचा?"

इतक्या घाईतही बुवांचे डोळे लकाकले. "हे तू पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतंस. म्हणून तर नुसता धोंडा नाही. मोळ्या वाहून खांदा घट्ट होतो, पण कान बहिरे होत नाहीत आणि जीभही मरत नाही. धोंड्याला चिमूट, ठोक्याला चिमूट, मिठालाही चिमूट. तिन्ही ठिकाणी हात सारखाच आखडला, म्हणजे धोंड्याचा दोष नव्हे, हाताची ती रीतच. एक साक्षीदार फितूर होईल, तिघे एकदम व्हायचे नाहीत."

"तरीही चूक होऊ शकते."

"होऊ शकते. म्हणून पुन्हा मोजायचं, बोटानं चाचपायचं, चेहरा बघायचा. आतलं काही मोजता येत नाही म्हणणारा आळशी, आणि काटा आणला की मोजून झालं म्हणणारा उतावळा. वेदना मोजता येते, त्र्यंबका. पण तिच्याइतकेच कष्ट आपणही घ्यावे लागतात." क्षणभर थांबून ते म्हणाले, "टोपली कशासाठी हे मी तुला न विचारता सांगायला हवं होतं. शिष्य विचारील म्हणून वाट बघत बसलो, हा माझा अहंकार. यात निम्मी चूक माझी."

पाण्याला उकळी आली. त्र्यंबकानं गोजराचा पाय दोन्ही हातांनी धरला, सासूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बुवांचा हात म्हातारा होता, पण चाकू एकदाच चालला आणि नेमका चालला. आतून इतका पू आला की सासूनं तोंड फिरवलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "माजी बाय," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "म्या म्हनलं येवढं काय न्हाई." बुवांनी जखम धुतली, आत लाकडाची करंगळीएवढी ढलपी राहिली होती ती चिमट्यानं काढली, पू वाहत राहावा म्हणून कापडाची वात आत सारली आणि पट्टी बांधली. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा काम संपलं होतं. बुवा हात धुवायला रांजणाकडे गेले.

गोजरा डोळे मिटून पडली होती. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता, आणि आता कळत होतं की तिचं वय किती लहान आहे. बावीस-तेवीसची असेल. तिनं डोळे उघडले तेव्हा त्र्यंबक अजून तिच्या पायाशीच बसला होता.

"इतकं दुखत होतं," तो म्हणाला, "तर सकाळी बोलली का नाहीस? भांडायचं होतंस. मला आणखी मोजायला लावायचं होतंस."

गोजरा जरा विचारात पडली. तक्रार करायची म्हणून नव्हे, त्यानं विचारलं म्हणून खरं ते सांगावं, अशा आवाजात ती म्हणाली, "दुकत तर लई व्हतं. पर तुमी तोलून दावलंसा नव्हं. म्या म्हनलं, शिकल्याली मानसं, सोन्याचा काटा, त्ये कशाला खोटं बोलत्याल. मलाच उगं जास्त वाटत आसंल. मग घरला आले आन् कामाला लागले."

त्र्यंबकानं मान खाली घातली. तो म्हणाला, "नाही. तुला उगाच वाटत नव्हतं. तुला खरंच तितकं दुखत होतं. मोजायला मी चुकलो."

सकाळपासून, चाकू लागतानाही, गोजराच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. हे ऐकल्यावर मात्र ती रडू लागली.

माणसाच्या आतलं मोजायला बसणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं की आपण आकडा सांगून मोकळे होतो, पण समोरचा माणूस तो आपल्या देहापेक्षा खरा मानून घरी जातो.